गाऱ्हाण्यापासून प्रश्नापर्यंत : खासदाराच्या एका आठवड्यातील भाषाव्यवहार

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• एकच विषय वेगवेगळ्या व्यवहारक्षेत्रांत गेला असता त्याची भाषा कशी बदलते, हे सांगता येईल.
• गाऱ्हाणे, निवेदन, संसदीय प्रश्न आणि शासकीय उत्तर या चार रूपांची भाषिक वैशिष्ट्ये स्पष्ट करता येतील.
• आपल्या गावाच्या एखाद्या अडचणीविषयी नेमके व उत्तर मिळवू शकणारे निवेदन लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा विचार करताना आपण बहुधा पत्रलेखन, अर्जलेखन, जाहिरात, बातमी असे प्रकार सुटे सुटे अभ्यासतो. प्रत्यक्ष जीवनात मात्र हे प्रकार सुटे नसतात. गावातील पारावर निघालेला एखादा विषय अर्जात शिरतो, अर्जातून कार्यालयात जातो, तेथून सभागृहात पोहोचतो आणि उत्तराच्या रूपाने कधी तरी गावात परत येतो. या प्रवासात विषय तोच राहतो. भाषा मात्र प्रत्येक टप्प्यावर नवे रूप धारण करते. व्यवहारक्षेत्रानुसार बदलणाऱ्या भाषेच्या अशा रूपाला भाषाविज्ञानात ‘प्रयुक्ती’ असे म्हणतात. एम. ए. के. हॅलिडे या भाषावैज्ञानिकाने प्रयुक्तीचे तीन नियामक घटक सांगितले आहेत : बोलणे कशाविषयी आहे, बोलणाऱ्यांचे परस्परनाते काय आहे आणि बोलण्याचे माध्यम कोणते आहे. यांतील एक घटक बदलला तरी भाषा बदलते. तिन्ही बदलले, तर पहिले बोलणे आणि शेवटचे बोलणे एकाच गोष्टीविषयी आहे हे ओळखणेही कठीण होते.

हा बदल पाहण्यासाठी लोकसभेच्या सदस्याचा अधिवेशनकाळातील एक आठवडा फार उपयुक्त आहे. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ सदस्य निवडून जातात. अधिवेशन चालू असताना सोमवार ते शुक्रवार दिल्लीत आणि शनिवार-रविवार मतदारसंघात, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. म्हणजे दर आठवड्याला हा मनुष्य भाषेच्या दोन टोकांमध्ये ये-जा करीत असतो. पुढील विवेचनासाठी आपण एक कल्पित, परंतु महाराष्ट्रातील अनेक गावांना परिचित असे उदाहरण घेणार आहोत. गावाजवळचे रेल्वेचे फाटक बंद झाले. त्याऐवजी रुळांखालून रस्ता काढण्यात आला आणि पावसाळ्यात त्या रस्त्यात पाणी साचू लागले.

२. शनिवार : गाऱ्हाण्याची भाषा

शनिवारी सकाळपासून खासदारांचा गावभेटींचा कार्यक्रम असतो. एखाद्या वर्गखोलीचे उद्घाटन, एका घरी दुखवट्याची भेट, दुपारी लग्न, सायंकाळी ग्रामस्थांची बैठक. आपल्या कल्पित गावात ते गाडीतून उतरताच एक वृद्ध स्त्री पुढे येते आणि म्हणते :

“दादा, फाटक हुतं तवा गाडी येईस्तवर थांबाय लागायचं, पर जाता तरी यायचं. आता त्या बोगद्यात कंबरंएवढं पाणी. तुमचं रेल्वेवालं लई हुशार, वरनं गाडी अन् खालनं नदी! नात माजी आठवीला हाय. पंदरा दीस झालं, साळंचं तोंड बघितलं न्हाई तिनं.”

खासदार विचारतात, “आजी, शाळा कोणत्या गावाला आहे? आणि पाणी एकदा साचलं की किती दिवस राहतं?”

या संवादाकडे बारकाईने पाहावे. आजींनी खासदारांना ‘साहेब’ न म्हणता ‘दादा’ म्हटले आहे. हे केवळ संबोधन नव्हे. नात्याचा शब्द वापरून त्यांनी समोरच्या व्यक्तीवर घरच्या माणसाची जबाबदारी टाकली आहे. त्यानंतर त्यांनी पूर्वी आणि आता यांची तुलना केली, ‘वरनं गाडी अन् खालनं नदी’ असा उपरोध केला आणि शेवटी सर्व भार एका मुलीवर आणून ठेवला. ‘गावातील विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे’ असे त्या म्हणाल्या नाहीत. नातीने शाळेचे तोंड पाहिले नाही, असे म्हणाल्या. गाऱ्हाण्याच्या भाषेचे बळ या मूर्ततेत असते. त्यात राग असतो, परंतु तो जवळिकीच्या नात्यातून आलेला असतो.

खासदारांच्या प्रश्नांतील ‘कोणत्या’ आणि ‘किती’ हे दोन शब्दही लक्षात घ्यावेत. ऐकताक्षणीच त्यांनी गाऱ्हाण्याचे माहितीत रूपांतर करावयास सुरुवात केली आहे. यात सहानुभूतीचा अभाव आहे असे समजण्याचे कारण नाही. पुढील टप्प्यावर उपरोध चालणार नाही आणि तेथे स्थळ व संख्या विचारली जाईल, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

३. रविवार : निवेदनाची भाषा

रविवारी मतदारसंघातील संपर्क कार्यालयात लोक निवेदने घेऊन येतात. येथे पहिले काम वर्गीकरणाचे असते. नळाला पाणी येत नाही, हा विषय ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा, एस. टी. ची फेरी बंद झाली, हा राज्य परिवहन महामंडळाचा. शिधापत्रिकेचे काम तहसील कार्यालयातील. रेल्वे मात्र केंद्र सरकारची. लोकांच्या दृष्टीने ‘सरकार’ हा एकच शब्द असतो. व्यवस्थेत त्याचे अनेक अर्थ होतात आणि चुकीच्या दारी गेलेले निवेदन परत येण्यातच महिने जातात. क्रियापदांचीही अशीच गल्लत होते. खासदार स्थानिक विकास निधीतून दरवर्षी ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. त्यातील कामाविषयी लोक सहज म्हणतात, ‘खासदारांनी सभामंडप मंजूर केला.’ वस्तुतः खासदार कामाची ‘शिफारस’ करतात. ‘मंजुरी’ जिल्हा प्रशासन देते. या दोन क्रियापदांमधील अंतर न कळल्यामुळे कित्येकदा जाब चुकीच्या व्यक्तीला विचारला जातो.

आता आपल्या गावाचे निवेदन पाहू. अशी निवेदने बहुधा पुढीलप्रमाणे लिहिलेली असतात :

“वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गावची रस्त्याची समस्या अत्यंत गंभीर झालेली असून जनतेत तीव्र असंतोष आहे. तरी आपण जातीने लक्ष घालून न्याय द्यावा, ही नम्र विनंती.”

व्याकरणदृष्ट्या या मजकुरात दोष नाही. परंतु आजींच्या पाच वाक्यांत जी माहिती होती, तीही यात उरलेली नाही. पाणी गेले, बोगदा गेला, पंधरा दिवस गेले, आठवीतील मुलगी गेली. त्यांच्या जागी ‘गंभीर’, ‘तीव्र’, ‘जातीने’ हे शब्द आले. लिहिणाऱ्याने भाषा औपचारिक केली, पण आशय रिकामा केला. औपचारिकता म्हणजे मोठे शब्द, हा आपल्याकडील फार जुना गैरसमज आहे. निवेदनाच्या भाषेत औपचारिकता नेमकेपणाने सिद्ध होते. तेच निवेदन असे लिहिता येईल :

“आमच्या गावाजवळील रेल्वे फाटक बंद करून त्याऐवजी रुळांखालून रस्ता बांधण्यात आला आहे. या पावसाळ्यात त्यात पाणी साचल्यामुळे तो १५ दिवस वाहतुकीस बंद होता. गावातील २३ विद्यार्थी या रस्त्याने पलीकडील गावच्या माध्यमिक शाळेत जातात. दुसरा रस्ता ९ किलोमीटर लांबीचा आहे. पाणी उपसण्यासाठी बसविलेल्या पंपास अद्याप वीजजोडणी नाही. सोबत शाळेचे उपस्थितीविषयीचे पत्र व छायाचित्रे जोडली आहेत.”

येथे एकही भावदर्शक विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याला काय घडले आहे ते कळते आणि काय करावयास हवे तेही कळते. आपल्यापैकी अनेकजण ग्रामपंचायतीत, बचत गटांत, शाळांत किंवा अंगणवाडीत काम करीत असतील. ‘तुम्ही शिकलेले, तुम्हीच अर्ज लिहा’ असे गाव आपणांसच सांगते. आजींचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचणार की पहिल्याच टप्प्यावर विरून जाणार, हे त्या लेखणीवर बरेच अवलंबून असते.

४. सोमवार ते गुरुवार : सभागृहाची भाषा

लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास, सर्वसाधारणपणे सकाळी ११ ते १२, हा प्रश्नोत्तरांचा असतो. प्रश्नांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते; त्यावर पूरक प्रश्न नसतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून शनिवारी ऐकलेल्या गाऱ्हाण्याचे उत्तर पुढच्या बुधवारी मिळेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. खासदारांच्या एकाच आठवड्यात आज ऐकलेले गाऱ्हाणे, मागील महिन्यात लिहिलेला प्रश्न आणि मागील वर्षीचे आश्वासन ही तिन्ही एकत्र नांदत असतात.

प्रश्न कसा लिहावा, याविषयी लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांतील ४१ वा नियम भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावा असा आहे. प्रश्न स्पष्ट व नेमका असावा; तो १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा; त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणे किंवा बदनामीकारक विधाने नसावीत; केवळ मत विचारू नये; अनावश्यक नावे आणू नयेत; विषय मुख्यतः भारत सरकारच्या अखत्यारीतील असावा, अशा अटी त्यात आहेत. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर, हे प्रश्नाचे व्याकरणच आहे. आजींचे बोलणे या नियमाला लावून पाहिले, तर त्यातील ‘लई हुशार’ हे विशेषण आणि ‘खालनं नदी’ हा उपरोध, दोन्ही गळून पडतात. नातही वैयक्तिक उल्लेख म्हणून मागे राहते. जे उरते त्याचा प्रश्न होतो :

“(अ) अमुक स्थानकाजवळील फाटकाऐवजी बांधलेला रुळांखालील रस्ता चालू पावसाळ्यात पाणी साचल्यामुळे १५ दिवस वाहतुकीस बंद होता, हे खरे आहे काय;
(ब) असल्यास, मागील ३ वर्षांत हा रस्ता वर्षनिहाय किती दिवस बंद होता;
(क) पाण्याच्या निचऱ्यासाठी कोणती उपाययोजना करण्यात आली आहे, आणि
(ड) ती केव्हापर्यंत कार्यान्वित होईल. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास’ ही रचना आपल्या विधिमंडळातील मराठीत रूढ आहे. लोकसभेत प्रश्न हिंदी किंवा इंग्रजीत जातो, परंतु त्याचा सांगाडा बराचसा असाच असतो. या सांगाड्यात एक धोका आहे. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आले, की पुढील भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहिले जाते. म्हणून ‘जनतेचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय’ असे विचारणे व्यर्थ होय. ‘हाल’ किती म्हणजे ‘अतोनात’, हे कोणीच ठरवू शकत नाही आणि नाकारणे सोपे जाते. ‘१५ दिवस बंद होता’ हे नाकारणे कठीण असते.

दुसरा धोका शब्दांचा आहे. ज्याला गाव ‘बोगदा’ म्हणते, त्याला रेल्वेच्या कागदोपत्री ‘लिमिटेड हाइट सबवे’ असे नाव असते. बोगदा म्हणजे ‘टनेल’ असे भाषांतर करून प्रश्न पाठविला, तर ‘सदर ठिकाणी कोणतेही टनेल नाही, प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर येऊ शकते. त्यात कोणी खोटे बोललेले नसते. तरीही कंबरेएवढे पाणी तसेच राहते. परिभाषेचे ज्ञान हे पांडित्याचे नव्हे, तर प्रत्यक्ष हिताचे काम आहे, हे यावरून दिसते.

मग मागे राहिलेल्या नातीचे काय? तिच्यासाठी सभागृहात दुसऱ्या वाटा आहेत. तारांकित प्रश्नावर पूरक प्रश्न तोंडी विचारता येतो. प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या ‘शून्य प्रहरा’त तातडीचे सार्वजनिक विषय मांडता येतात, हा प्रकार कार्यपद्धतीच्या नियमांत नाही, तो भारतीय संसदेत प्रथेने रूढ झाला आहे. नियम ३७७ खाली लेखी मजकूरही मांडता येतो. संविधानाच्या अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते. मात्र या भाषांत पुरेसे व्यक्त होता येत नसेल, तर पीठासीन अधिकारी सदस्याला मातृभाषेत बोलण्याची अनुमती देऊ शकतात. मराठीतील भाषणांच्या तात्काळ भाषांतराची सोयही सभागृहात आहे. तोंडी बोलण्याच्या या वाटांवर, व्यक्तीचे नाव न घेता, ‘आठवीतील एक मुलगी १५ दिवस शाळेत जाऊ शकली नाही’ हे वाक्य पुन्हा उभे करता येते. लेखी प्रश्नाने मंत्र्याला उत्तरासाठी बांधून घ्यावे आणि तोंडी बोलण्याने त्या उत्तरामागील माणूस दाखवावा, हे संसदीय कौशल्याचे दोन हात होत.

५. उत्तराची भाषा

शासकीय उत्तराच्या भाषेची आपण बरेचदा थट्टा करतो. ‘बाब विचाराधीन आहे’ या वाक्यात कर्ता नाही, काळाची मर्यादा नाही. कोण विचार करीत आहे आणि केव्हापर्यंत, हे त्यातून कळत नाही. परंतु येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले की, काही वाक्ये केवळ माहिती देत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे होय.

लोकसभेने हे तत्त्व आपल्या व्यवहारात आणले आहे. १९५३ पासून तेथे शासकीय आश्वासनांविषयीची समिती कार्यरत आहे. मंत्र्यांच्या कोणत्या शब्दप्रयोगांना आश्वासन मानावे, याची एक नमुना यादीच तयार केलेली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी त्यात लक्ष घालीन’, ‘चौकशी करून सभागृहाला माहिती दिली जाईल’ या आशयाचे प्रयोग त्या यादीत येतात. असा प्रयोग उत्तरात आला, की त्याची नोंद आश्वासन म्हणून होऊ शकते आणि त्याची पूर्तता सर्वसाधारणपणे ३ महिन्यांत करावी, अशी अपेक्षा असते. पूर्तता नेहमी वेळेत होतेच असे नाही. तथापि, बाहेर जे वाक्य टाळाटाळीचे वाटते, तेच सभागृहात बांधिलकीचे ठरू शकते. वाक्याचा अर्थ त्याच्या शब्दांत असतो तितकाच ते कोठे उच्चारले गेले यातही असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

६. शुक्रवार : दीर्घ पल्ल्याची भाषा

शुक्रवारच्या बैठकीतील शेवटचे अडीच तास सर्वसाधारणपणे अशासकीय कामकाजासाठी असतात. मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके व ठराव या वेळी चर्चेस येतात. अशी विधेयके क्वचितच कायद्यात रूपांतरित होतात. पण त्यांतून विचार पुढे सरकतो. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून निवडून येणारे नाथ पै यांनी, गोलकनाथ खटल्याच्या १९६७ मधील निकालानंतर, मूलभूत हक्कांच्या भागातही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी असेच अशासकीय विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्या दिशेचे पाऊल उचलले.

त्याच राजापूरचे पुढे १९७१ पासून प्रतिनिधित्व करणारे मधू दंडवते यांचे उदाहरणही येथे बोधप्रद आहे. कोकणात रेल्वे हवी, ही मागणी त्या मुलखातील घराघरांतील होती. मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या प्रवासाचे हाल हा तिचा मूर्त आशय होता. नाथ पै आणि दंडवते यांनी ती सभागृहाच्या भाषेत सातत्याने मांडली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्यामागे अनेकांचे श्रम व अनेक कारणे होती. एक गाऱ्हाणे दशकानुदशके प्रश्न, भाषण, मागणी आणि अर्थसंकल्पीय चर्चा अशा रूपांत जिवंत ठेवावे लागते, हे मात्र त्यातून दिसते.

७. पुन्हा शनिवार : परतीचे भाषांतर

काही आठवड्यांनी उत्तर येते. समजा, त्यात लिहिले आहे : ‘पंपाच्या वीजजोडणीचा प्रस्ताव विचाराधीन आहे.’ खासदार पुन्हा त्या गावी जातात. आजी विचारतात, “दादा, काय झालं आमच्या बोगद्याचं?” या वेळी ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. आता उलट दिशेचे भाषांतर हवे : “आजी, पाणी काढायचा पंप बसवलाय, पण त्याला वीज जोडलेली नाही. ती जोडण्याचा विचार चालू आहे, असं त्यांनी दिल्लीत लिहून दिलंय. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. ते मी पुन्हा विचारतोय.” या बोलण्यात जितके झाले तितकेच सांगितले आहे आणि जे झाले नाही तेही लपविलेले नाही.

वर जाणाऱ्या भाषांतरासाठी कार्यालय असते, नियम असतात, दुभाषे असतात. खाली येणाऱ्या भाषांतरासाठी बहुधा कोणीच नसते. म्हणून गावाला वाटते की दिल्लीत काही घडत नाही आणि दिल्लीला वाटते की उत्तर तर देऊन झाले. लोकशाहीतील अविश्वासाचे एक कारण या न झालेल्या भाषांतरात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हे काम खासदारांचे आहेच. पण दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रत्येक शिक्षित व्यक्तीचेही आहे.

८. सारांश

गाऱ्हाण्याची भाषा मूर्त, नात्याची व भावनेची असते. निवेदनाच्या भाषेने ती मूर्तता तपशिलाच्या रूपाने जपावी, विशेषणांनी झाकू नये. संसदीय प्रश्नाची भाषा नियमबद्ध असते. तीत उपरोध व आरोप गळतात, पण त्या बदल्यात उत्तर देण्याचे बंधन निर्माण होते. शासकीय उत्तरातील साचेबद्ध वाक्ये सभागृहात आश्वासन ठरू शकतात. या सर्व टप्प्यांनंतर उत्तराचे लोकभाषेत पुनर्भाषांतर झाले, तरच हा व्यवहार पूर्ण होतो.

स्वाध्याय

१. प्रयुक्तीचे तीन नियामक घटक सांगून, ते आजींच्या गाऱ्हाण्याला व संसदीय प्रश्नाला लावून दाखवा.
२. ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर टाळण्यासाठी प्रश्नाच्या पहिल्या भागाची रचना कशी असावी?
३. ‘बाब विचाराधीन आहे’ हे वाक्य एकाच वेळी संदिग्ध आणि बंधनकारक कसे असू शकते?
४. उपक्रम : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका व्यक्तीचे गाऱ्हाणे तिच्याच शब्दांत, बोलीसह, लिहून घ्या. त्यावरून १०० शब्दांत एकही भावदर्शक विशेषण न वापरता निवेदन तयार करा. ते त्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि ‘तुमचे म्हणणे यात आले का?’ असे विचारा. जे राहून गेले असे ती सांगेल, ते लिहून ठेवा.